शुद्धिपत्रात नाही

वसमतच्या वाचनालयात माझी तीन पुस्तकं आहेत.
दोन प्रवासवर्णनाच्या कपाटात,
कारण मी परदेशी असते.
तिसरं जागेवर नाही. नवघरे सर म्हणाले,
"बाहेर गेलंय. ते सारखं बाहेरच असतंय."

मोंढ्यात हळदीचा सौदा चालला होता.
टेबलावर बोट फिरवलं, पिवळं झालं.
"कुठं राहायलीस आता?" "विनिपेगला."
"तिकडं थंडी लई म्हणतेत."
"लई."

टायपिंग मी इथंच शिकले, स्टँडमागं,
कुशावर्ताच्या शेजारच्या मशीनवर.
माझे मिनिटाला तीस शब्द, तिचे चाळीस.
पण तिच्या मशीनचा ळ अडकायचा,
हळद लिहिताना दर वेळी तो नखानं उचलावा लागायचा,
आणि थांबली की ती माझ्याकडं बघायची.
घडलं ते एवढंच.
बाकीचं मी घडवलं.

पहिली कथा पाठवली तेव्हा संपादकांचं कार्ड आलं:
कथा छान, नायिकेच्या मैत्रिणीऐवजी मित्र घ्यावा.
एका रात्रीत घेतला.
सावळीचा सावळा, तिनंचं त्यानं,
आली, बसली, रुसली, सगळीकडं
ली-ची वरची कमान खोडली की खाली ला उरतो,
दिसायला सोपं आहे.
पण आपल्या भाषेत एक बाई लपवायची
तर वाक्यावाक्यात हात घालावा लागतो,
आणि पहाटेपर्यंत हात दुखतो.

एक राहिलीच.
पान एकशे बारा, खालून चौथी ओळ:
तो दारात थांबला आणि हसली.
पुस्तक निघालं तेव्हा मुद्रितशोधकालाही दिसली नाही.

विनिपेगला आधी दवाखान्यात चादरी मोजल्या,
रक्ताच्या वेगळ्या, बाकीच्या वेगळ्या.
रात्रपाळीत गठ्ठ्यावर वही ठेवून लिहिलं.
कागदपत्रांच्या खिडकीवरच्या बाईनं
ओल्हाकडं पेन दाखवून विचारलं, ही तुमची कोण?
तिकडच्या भाषेत एका शब्दात सांगितलं.
मराठीत सांगायला पुढची दोन पुस्तकं लागली.
त्यात कमान कुठंच खोडली नाही.
पाचशे प्रती, दीडशे अजून प्रकाशकाच्या माळ्यावर.
एक भावाला पाठवली, त्यानं परत पाठवली,
विमानाचं टपाल स्वतःच्या खिशातून भरून.
आईनं फोनवर विचारलं, काय लिहायलीस?
गोष्टी.
खऱ्या?
बऱ्याचशा.
गप्प राहिली, मग म्हणाली, जेवलीस का?

तिसऱ्या दिवशी पुस्तक परत आलं.
कव्हरला खाकी कागद, वर नाव नाही.
मागच्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के दाटीवाटीनं
आणि एकच सभासद क्रमांक, चारशे अठरा.
"कोण हो ही?"
सर चष्मा पुसत म्हणाले,
"एक नाही. चार-पाच जणी हैत.
एकाच कार्डावर नेतेत. पैसे वाचतेत."
खरंच तसं वाटत होतं त्यांना, की नाही,
चष्मा पुसताना कळत नाही.

पान एकशे बारा.
कुणीतरी निळ्या पेनानं, मास्तरी हातानं,
कमान खोडून हसला केलं होतं.
आणि त्यावर दुसऱ्या कुणीतरी पेन्सिलीनं
ती कमान पुन्हा काढली होती,
जोर देऊन, कागद मागून उठून येईल इतका.

कुशावर्ताचं अक्षर मला ओळखता येत नाही.
आम्ही दोघी टाइपच करायचो.

"ताई, ही प्रत फाटायली," सर म्हणाले,
"नवी द्या की. चुका दुरुस्त केलेली."
म्हटलं, सर,
दुसरी आवृत्ती निघालीच नाही.